मागच्या गावी

टँकरच्या पाण्याचा वास आला की लातूरची आमची क्लासच्या दिवसांतली खोली आठवते. नळ कोरडा पडलेला, आणि चाकूरचा माझा रूममेट माझ्या मोबाईलवर, अजब प्राणी पकडून लढवायच्या गेममध्ये समुद्र ओलांडत होता. सराव परीक्षांत सारखा मागं पडत होता म्हणून त्याचे वडील त्याला घरी न्यायला आले होते. ते म्हणाले, "चल, गाडी निघंल." हा मान वर न करता म्हणाला, "थांबा बाबा, लढाई मधीच सोडता येत न्हाई." वडील त्याची पेटी धरून दारात उभे राहिले. गेममध्ये समुद्रात आडव्या आलेल्या खेळाडूनं याचे सगळे प्राणी लोळवले. हरलं की तो गेम माणसाला मागच्या गावी नेऊन सोडतो, तिथं थकलेले प्राणी पुन्हा बरे होतात. त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला आणि चपला घातल्या. बस चाकूरला थांबली की अजून वाटतं, तो बरा झाला असेल का.