निवळलेलं पाणी

कॉलेजच्या गच्चीवर मी पाण्याचा रंग घालवते. पगार प्रयोगशाळा सहायकाचा, काम उन्हाचं. कापड रंगवणाऱ्या डाईंगमधलं लाल पाणी उथळ ट्रेमध्ये ओतायचं आणि त्यात चमचाभर पांढरी भुकटी ढवळायची. भुकटी खनिजाची, आतून चिरोट्यासारखी पापुद्र्यांची. रंग पापुद्र्यांना चिकटतो आणि ऊन लागलं की तिथंच त्याचे तुकडे पडतात.

गेल्या उन्हाळ्यात टॉवेलचं डाईंग चालवणाऱ्या अक्का स्वतः पाणी घेऊन आल्या. दुपारी तीनला ट्रेचा तळ दिसायला लागला. यंत्रावर रंगाचा आकडा शून्य आला.

"साफ झालं," मी म्हणाले.

"आमचं मालक जल्मभर रंगवत बसलं, आता मी धुवत बसते!" अक्का हसल्या आणि भुकटीचा डबा मागून घेऊन गेल्या.

पुढची चाचणी मी नंतर लावली. घरची ज्वारी तीन बशांत भिजत घातली: एकीत नळाचं पाणी, एकीत लाल, एकीत निवळलेलं. चौथ्या दिवशी नळाच्या पाण्यात बोटभर कोंब होते. लाल पाण्यातही आले होते, खुरटे का होईना. तिसऱ्या बशीत एकही नाही. दाणे कुजलेही नव्हते. वास नाही, बुरशी नाही. जसे ठेवले होते तसेच.

रंग मोडला होता, पण तुकडे पाण्यातच होते. त्यांना रंग नसतो, आणि माझं यंत्र फक्त रंग मोजतं.

मी फोन लावला. "अक्का, भुकटी घालून निवळलेलं पाणी कुठाय?"

"हौदात की. कालच सोडलं. नळाला रोज पाणी कुटं येतंय? गल्लीला सांगितलंय, भरा म्हणून."

"कुणाला भरू देऊ नका."

"आता? तुमीच म्हणलाव की, साफ झालं!"

स्कूटर काढून गेले. हौदाच्या कडेचं शेवाळ पांढरं पडलं होतं. तळाशी पडलेला चमचा हात घालून उचलावा इतका स्पष्ट दिसत होता. फरशीवर घागरींचे ओले गोल उमटले होते आणि ते वेगवेगळ्या दारांकडे गेले होते.

अक्कांना हौदावर पत्रा टाकायला सांगून मी पहिलं दार ढकललं. आतली बाई घागरीत पेला बुडवत होती.

"पिऊ नका," मी म्हणाले. "ते साफ नाही. माझी चूक झाली."

ती पेल्यात बघत राहिली.

"काय हाय ह्यात? कायच न्हाय की."