खतावर बोलणारे खासदार

दर सोमवारी मांडव्याच्या बोटीत ते माझ्यासमोर बसत. जुन्या वळणाचे खासदार. कपाळाला गंध, मांडीवर कापडी पिशवी. देशाच्या धोरणांचे कागद भरभर चाळत, पण खताच्या भावाबद्दलचे शेतकऱ्यांचे अर्ज ओळीवर बोट ठेवून वाचत.

एकदा शेजारी बसलेल्या भातशेतीवाल्या बाईनं विचारलं, "सायेब, खत सस्त व्हनार हाय का न्हाय?"

त्यांनी चष्मा काढला. "दर आठवड्याला बोलतो, बाई. माझी पाळी येईपर्यंत सभागृह रिकामं होतं."

"आमी तर औंदा लावनीच केली न्हाय," बाई म्हणाली.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि अर्जाच्या ओळीवर बोट ठेवलं. मला त्यांचं राजकारण कधी पटलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांच्यासाठी वाईट वाटलं; खोटं आश्वासन देण्याइतकीही उमेद त्यांच्यात उरली नव्हती.