गुरुजींचं अंतरीप

"गुरुजीच्या वैशालीचं मोडलं म्हणे, त्या वावरापायी..."

वाशिमकडच्या मालेगावच्या स्टँडवर दोघी बोलत होत्या. तेवढ्यात त्यांची बस लागली अन् पुढचं राहिलं. वैशाली आमच्या शेजारची, डोळ्यांपुढं वाढलेली. अन् त्या वावराचे किस्से तर इतके साचलेत, की एक काढावा तर चार मागं येतात.

आमच्याकडं प्रत्येक वावराला नाव असतं. चिंचेचं, नाल्यापलीकडचं, असं सोपं. गुरुजींच्या वावराला तीन अंगांनी तलावाचं पाणी. रिटायर झाल्यावर त्यांनी नाव ठेवलं, अंतरीप.

"मंदाबाई, आता पुस्तकात द्वीपकल्प म्हणतात. अंतरीप हा जुना शब्द, कवितेतला."

मी म्हटलं, "पण गुरुजी, पेरता तं सोयाबीनच ना?"

निंदणाच्या बायांना निरोप गेला, उद्या अंतरीपात या. बाया दुपारपर्यंत देवळापाशी गाडीची वाट पाहत बसून. त्यांच्यातली यमुना म्हणाली, "गुरुजी, वावर सांगा ना, परगाव कायले सांगता?"

मोटार बिघडली, तर फोनवर मेकॅनिकला शब्दाचा अर्थ. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "समजलं गुरुजी. पण मोटार पाण्यात पडली का?"

कहर झाला वैशालीच्या बायोडाटात. 'शेती: अंतरीप, चार एकर.' केनवडचं स्थळ, पसंती झालेली, हॉलसुद्धा ठरलेला. मग मुलाच्या मामानं मोबाइलवर अर्थ पाहिला. निघालं बेट. मुलाच्या बापाचा फोन आला, "वाशिम जिल्ह्यात बेट? आमाले येडं समजता काय? पाहाले येतो. खोटं निघालं तं मोडलं समजा."

ते येऊन गेले, तेव्हा मी नेमकी शिरपूरला बहिणीकडं. एवढं चुकलं.

म्हणून स्टँडवरून थेट वैशालीकडं गेले. ती शेंगा सोलत होती.

"मोडलं काय वं?"

"मोडलं ना काकू. हॉलचं."

"अन् लग्न?"

"ते हाय. बाबानं त्याहीले टोकावर नेलं, तिन्हीकडचं पाणी दाखवलं, अर्धा घंटा शिकवलं. सासरे म्हणाले, म्हणजे बेट नाई. बाबा म्हणाले, पाऊण हाय. मंग सासूबाईले तिथली हवा आवडली. आता लग्न वावरातच."

"अन् तू काहून हो म्हणाली? चिखलात मांडव?"

वैशालीनं शेंग मोडली.

"तीन अंगानं पाणी, काकू. रस्ता एकच. तिथं त्या मोबाइलवाल्या मामाले खुर्ची टाकून बसवतो. मंग नवरदेव रुसून जाते कुठं?"