विहीणबाईंच्या मागच्या सीटवर

ये गं, अशी जवळ बस. म्हणजे तिकडे मिशिगनमध्ये नोव्हायला बसल्या बसल्याच मनाने ये, आणि आधी तो फोन स्पीकरवर टाकून भांडी लावणं बंद कर. मला सगळा खडखडाट ऐकू येतो! म्हणून तर यावेळी लिहूनच पाठवते आहे. वाचताना तरी तुला दुसरं काही करता येणार नाही. परवा तू विचारलंस ना, "मावशी, तुझ्या विहीणबाई खरंच बाइक चालवायच्या का गं?" खरंच का म्हणजे काय! अख्ख्या टेक्ससमध्ये अशी बाई दुसरी नाही. नागपुरात एक होती, तीच इकडे आली.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. शाळेत गणित शिकवायच्या. साखरपुड्याच्या दिवशी मुलाकडच्या मंडळींच्या पायावर पाणी घालायला मी पैठणी सावरत, तांब्या घेऊन दारात उभी, आणि मंडळींच्या गाड्यांच्या पुढे ही बाई फटफटत मोटरसायकलवरून आली. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं नि म्हणाली, "हे धरा विहीणबाई, तांब्या मी धरते. तुमच्या साडीले पाणी लागून राहिलं नं." मी पुण्याची. मला तिथेच घेरी यायची बाकी होती. पुढे मुलांच्या मागोमाग आम्ही दोघीही इकडे आलो, मी फ्रिस्कोला लेकीजवळच्या गल्लीत, त्या प्लेनोला. वाटलं, आता तरी हे खूळ सुटेल. कुठलं सुटतंय! इथे तर मोठे रस्ते मिळाले. कारमध्ये त्यांना डब्यात बसल्यासारखं वाटायचं. देशी दुकानातून परत येताना जॅकेटच्या गळ्यातून कढीपत्त्याची डहाळी बाहेर डोकावायची, आणि भर उन्हाळ्यात सिग्नलला थांबल्या की हेल्मेटची काच वर करून बाटलीतलं ताक प्यायच्या. शेजारच्या ट्रकमधला माणूस बघत राहिला तर त्यालाही विचारायच्या, घेतो का म्हणून, मराठीतच.

पण त्यांचा दसरा बघायला हवा होतास तू. दरवर्षी बोलावलं, दरवर्षी तुझं ऑफिस! सगळे आपल्या गाड्या धुऊन हार घालतात. ह्या काय करायच्या, तर घरासमोरच्या गवतावर जुनी गोधडी अंथरून मोटरसायकल चक्क आडवी पाडायच्या. मग तिच्याकडे पाठ करून बसायच्या, हात मागे घेऊन हँडल आणि सीट पकडायच्या, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत ते अवजड धूड उभं करायच्या. कुणी हात लावायचा नाही. उभी राहिली की मग हार, हळदकुंकू, पेढा. "पडलेली गाडी ज्या दिवशी आपल्याच्यानं उठत नाही, त्या दिवशी किल्ली ठेवून द्यायची," हा त्यांचा नियम. जावई बिचारा दर दसऱ्याला खिडकीत उभा असायचा. आई पडू नये असंही वाटायचं त्याला, आणि गाडी नाही उठली तर बरं असंही.

त्यात त्यांनी युरोपचं काढलं. म्युनिकला मोटरसायकल भाड्याने घ्यायची आणि ऑस्ट्रियातून डोंगर ओलांडत इटलीच्या तळ्यांपर्यंत जायचं. जावई म्हणाला, "आई, एकटी अजिबात जायचं नाही." जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी ताटात बघायला सुरुवात केली. आता मी मुलीची आई. नाही कसं म्हणणार? तोंडातून निघून गेलं, "मी येते की!" आणि ह्यांनी, म्हणजे तुझ्या काकांनी, असा काही सुटकेचा निःश्वास टाकला की तो मी अजून विसरलेली नाही.

घरच्यासारखीच गाडी त्यांनी मागून घेतली. मी मागे, पोटाशी मेतकुटाचा डबा, डोळे गच्च मिटलेले. हेल्मेटमधल्या माइकमधून आवाज यायचा, "विहीणबाई, डोळे उघडा नं! एवढा डोंगर उभा करून ठेवला त्या लोकांनी." उघडले एकदा. अगं, काय सांगू! हिरवं कुरण, घंटा बांधलेल्या गाई, आणि आम्ही दोघी त्यातून उडत चाललेल्या. मग मिटलेच नाहीत. एकच पंचाईत, आम्हा दोघींचा मान. मी मुलीकडची, म्हणून मी त्यांना म्हणायचे "आधी तुम्ही"; त्या म्हणायच्या, तुम्ही वयाने मोठ्या, म्हणून "आधी तुम्ही". एका गेस्टहाउसची मालकीण दार धरून थंडीत कुडकुडत उभी, आणि आमचं उंबऱ्यावर चाललेलं.

तेच नडलं. खिंडीच्या माथ्यावर कॉफीसाठी थांबलो. खरं तर चालवणाऱ्याने गाडी धरून ठेवायची आणि मागच्याने आधी उतरायचं. त्या म्हणाल्या, "उतरा." मी म्हटलं, "छे छे, आधी तुम्ही." "अहो, उतरा नं!" "तुमच्या आधी कशी उतरू?" असं बराच वेळ झालं. शेवटी त्यांना वाटलं, किती ताणायचं विहिणीला, आणि नेमकं त्याच क्षणी मलाही तेच वाटलं. त्या एका बाजूने उतरल्या, मी दुसऱ्या बाजूने. स्टँड लावलेलाच नव्हता. मधोमध गाडी, जराशी विचारात पडल्यासारखी थांबली, आणि दमलेल्या म्हशीसारखी आडवी झाली.

आम्ही इतक्या हसलो की कॉफीवाली बाहेर आली. मग विहीणबाईंनी जॅकेट वर ओढलं, गाडीकडे पाठ केली, हात मागे घेतले. गाडी हलली नाही. पाय रोवून पुन्हा जोर लावला. वीतभर उठली आणि परत टेकली. तिथे बसलेले पांढऱ्या दाढ्यांचे दोन जर्मन बाइकवाले धावत आले, त्यांना हातानेच थांबवलं. पुन्हा एकदा. त्यांच्या बुटांच्या टाचा खडीत घसरताना मला दिसत होत्या गं, आणि मी नुसती डबा धरून उभी. मग त्या बाजूला झाल्या आणि त्या दोघांना म्हणाल्या, "प्लीज."

"उतार होता तिथे," मी म्हटलं. "आणि हवा विरळ. मी घरी एक अक्षर बोलणार नाही."

"नियम माझा आहे विहीणबाई," त्या म्हणाल्या. "मी काय पोरांना सूट देत होती का पेपरात?"

भाड्याची गाडी परत द्यायलाच हवी होती, म्हणून तेवढी म्युनिकपर्यंत त्यांनीच नेली. इतकी सावकाश, की सायकलवाले पुढे जात होते. मी मागून एकदाही भरभर चला म्हटलं नाही.

प्लेनोला आल्यावर त्यांनी किल्ली जावयापुढे ठेवली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, तर तो म्हणतो कसा, "आई, अगं दसरा अजून लांब आहे. तोवर एक्सरसाइज कर नं, जिम लावू यार."

"झाला बाप्पा माझा दसरा," त्या म्हणाल्या. "डोंगरात झाला."

गाडी अजून गॅरेजमध्ये आहे. विकायचं नाव जावई काढत नाही. विहीणबाई आता शनिवारी त्याच्या कारमधून माझ्याकडे येतात, पट्टा लावून, शहाण्या बाईसारख्या. बोलता बोलता बाहेरून एखादी मोटरसायकल गेली की वाक्य तिथेच राहतं, आवाज पार लांब जाईपर्यंत. मग मीच म्हणते, "सांगा नं त्या खिंडीतलं." नागपूरचं "नं" मलाही लागलंय. त्या सुरू करतात, पण मजा येत नाही. कारण प्रत्येक वळणावर मी होतेच, आणि मध्ये मध्ये दुरुस्त्या करते. ती गोष्ट त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेलं माणूस हवंय त्यांच्यापुढे. तेव्हा रजा टाक, आणि ये गं लवकर. एखादा शनिवार धरून ये.