सातव्या मैलाचं वळण

बाबल्याने पन्नाशी कधीच ओलांडली होती, तरी संस्थानच्या बांधकाम खात्याच्या हजेरीपटावर तो बाबल्याच होता आणि गाडीवानांच्या तोंडीही बाबल्याच. बाबा म्हणणारं कुणी घरात उरलं नव्हतं. जव्हारहून पोशेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे सहा ते आठ हे मैल त्याच्या ताब्यात होते. ताब्यात म्हणजे काय, तर पावसाने खड्डा पाडला की मुरूम टाकून तो बुजवायचा, धुम्मसाने ठोकून बसवायचा, मोरीत अडकलेला पाला काढायचा आणि वर्षातून दोनदा ओव्हरसियर आला की हात जोडून उभं राहायचं. एवढ्या राज्याचा हा धनी सातव्या मैलाच्या वळणावर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी अशा जागी, कुडाच्या खोपटात एकटा राहायचा.

एकटं राहणं म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्याला सांगून कळत नाही. पाडा तिथून दीड कोस खाली. सकाळी बाजाराला निघालेल्या दोन-चार गाड्या वर चढायच्या, संध्याकाळी उतरायच्या. गाडीवान चढणीवर बैलांना हाका घालण्यात गुंतलेले, त्यांना बाबल्याशी बोलायला सवड कुठली? त्यानेच बैलांशी बोलावं, तर बैलही दुसऱ्याचे. कधी कधी तीन-तीन दिवस त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. चौथ्या दिवशी कुणी वाट विचारली, तर आवाज फुटायला आधी खाकरावं लागायचं.

त्याची बायको सुकरी होती तेव्हा असं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी हा रस्ता झाला, तेव्हा दोघं दगडांच्या पाट्या वाहायला आले होते. सगळी टोळी परत गेली आणि हे दोघं इथेच राहिले. महायुद्ध संपलं त्या वर्षीच्या तापाच्या साथीत सुकरी गेली. मुलगी माघी जामसरला दिलेली. ती आधी वर्षातून दोनदा यायची, मग एकदा, मग नुसता निरोप यायचा की बरी आहे. सुकरी गेल्यापासून खोपटाच्या दारात सडा पडला नव्हता. शेणाचं पाणी करून दारापुढे शिंपणं हे बाईमाणसाचं काम, आणि दारात येणार कोण होतं म्हणून घालायचा?

साथीला चार वर्षं झाली. त्या वर्षी फागुनात संस्थानचे पाहुणे शिकारीला आले, आणि येताना मुंबईहून चार मोटारी घेऊन आले. शिकार काही मिळाली नाही. मग रिकामटेकड्या श्रीमंतांचं होतं तेच झालं. कुणाची मोटार सरस यावर जेवताना वाद झाला, तो हात धुतल्यावरही मिटेना, आणि शेवटी शर्यत ठरली. जव्हारपासून पोशेऱ्यापर्यंत. रस्ता अरुंद, म्हणून मोटारी एकदम सोडायच्या नाहीत, घड्याळ लावून तासातासाने एकेक सोडायची. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल त्याला चांदीचा पेला. सगळा जव्हार त्याच्या गप्पांत बुडाला. बाबल्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही. रस्ता त्याचा, पण शर्यत लोकांची.

त्याला ते कळलं गुप्त्यांकडून.

वामनराव गुप्ते मुंबईचे, मोटारींच्या धंद्यातले, वय तिशीच्या आसपास. शर्यतीला चार दिवस होते. बाकीचे शर्यतवाले अतिथिगृहात घोरत पडलेले असताना हा गृहस्थ सकाळी निघून रस्ता पायी बघत आला. सातव्या मैलावर बाबल्या मोरी साफ करत होता. गुप्त्यांनी बूट काढले, अनवाणी पायाने वळण चालून पाहिलं, खाली बसून मुरूम नखाने खरवडला आणि विचारलं, "हा रस्ता कोण सांभाळतो?"

बाबल्या घाबरला. असा प्रश्न नेहमी दंडाच्या आधी यायचा.

"मीच," तो खाकरून म्हणाला. "काय चुकला का माझा, सायेब?"

"चुकलं कुठे? सात मैलांत एवढा चांगला तुकडा मी दुसरा पाहिला नाही. मला या रस्त्याची सगळी हकीकत सांग. कुठे खचला, कुठे धुपला, कधी दुरुस्त झाला. सगळी."

आणि बाबल्या बोलायला लागला. चार वर्षं मिटलेलं तोंड उघडल्यावर काय होतं ते गुप्त्यांना त्या दिवशी कळलं. बिचारे ऐकत राहिले. सहाव्या मैलाचा उतार कोणत्या पावसात वाहून गेला, तिथे खाली काळी माती आहे म्हणून ऊन कितीही असो, मधोमध जमीन दबते. पुढच्या मोरीची फरशी डावीकडे बोटभर खाली आहे, चाक तिथे आपटतं. आठव्या मैलावर नवी खडी टाकली आहे, तिचे कोपरे अजून मोडलेले नाहीत. बैलगाडीला चालतं, पण त्या रबराच्या चाकाला चिरत जाईल, तिथून उजव्या अंगाने जावं. दोघं दोन मैल चालत गेले आणि दोन मैल परत आले. बाबल्या हाताने दाखवत होता, मधेच थांबून धुम्मस कसा मारला ते करून दाखवत होता. गुप्ते वहीत लिहून घेत होते. आपलं बोलणं कागदावर उतरताना बाबल्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

परत आल्यावर गुप्ते खोपटाच्या उंबऱ्यावर बसले. बाबल्याने दिलेलं पाणी ते तांब्याने घटाघटा प्यायले, जातपात न विचारता. मग त्यांनी खरी अडचण सांगितली.

"माझ्याकडे टायरांचे दोन जोड आहेत, बाबल्या. एक खाचांचे. ते ओल्यात जमीन धरतात, पण कोरड्यात गाडीला मागे ओढतात. दुसरे गुळगुळीत. कोरड्या रस्त्यावर त्यांच्यासारखे पळणारे नाहीत, पण ओलं लागलं की साबणावर पाय पडावा तशी गाडी जाते. बाकी सगळीकडे निभेल. पण हे तुझं वळण. खाली दरी आहे. त्या दिवशी इथे ओल असेल का? झरा पाझरतो का कड्यातून? दव पडतं?"

"झरा खाली हाय, तिकडं. कडा मार्गशीर्षातच सुकतो. दव आता नाय पडत." बाबल्याने छातीवर हात ठेवला. "ठणठणीत कोरडा असंल, सायेब. माझा शबूद."

गुप्त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि वही मिटली. "मग गुळगुळीत. तुझ्या शब्दावर." उठताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिला नंबर माझाच निघाला आहे. शुक्रवारी सकाळी तुझ्या दारावरून जाईन बघ."

दारावरून जाईन. बोलणारा बोलून गेला. त्याच्या मनात त्याचा अर्थ एवढाच होता की रस्ता इथूनच जातो. पण बाबल्याला त्या रात्री धड झोप लागली नाही. त्याच्या शब्दावर एका शहाण्या माणसाने चाकं निवडली होती. त्याच्या दारावरून कुणीतरी मुद्दाम सांगून जाणार होतं. तो आनंदात होता, आणि हा आनंद कुणाला सांगावा हे त्याला कळत नव्हतं.

पुढचे तीन दिवस त्याने वळणावरचा एकेक सुटा खडा हाताने वेचला. शुक्रवारी पहाटेच उठला, अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला. आणि दाराकडे बघून त्याला वाटलं, हे असं कोरडंठाक दार, पाहुणा येणार त्या दिवशी? सुकरी असती तर? पाड्यात देवाची सोंगं निघतात तेव्हा वाटेवर सडा पडतो. लग्नाचा नवरा येतो तेव्हा पडतो. पाहुणा आला आणि दारात सडा नाही, तर त्या घरात माणूस राहत नाही असं समजतात.

त्याने गाडीवाटेवरचं शेण गोळा केलं. मडकं घेऊन खालच्या झऱ्यावर गेला. फागुनातला झरा, करवंटीने पाणी भरायला वेळ लागायचा. चार खेपा झाल्या. दारासमोर शिंपून झालं, पण पाहुणा दारात येणार नव्हता. तो रस्त्यावरून जाणार होता, म्हणजे रस्ता हेच दार. म्हणून त्याने सडा रस्त्यावर नेला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वळणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत. हाताने शेण सारखं पसरलं, सुकरी पसरायची तसं, कुठे गाठ राहू न देता. जन्मभर रस्त्यावर पाणी मारलेला माणूस. पाऊस पडला की वळण निसरडं होतं हे त्याला पोटातून माहीत होतं. पण ती ओल वेगळी आणि सडा वेगळा. सडा म्हणजे मान. मानावरून कुणी घसरतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

काम झाल्यावर कसं दिसतं ते बघायला तो दोन पावलं मागे सरला, आणि टाच सुटून धाडकन खाली बसला.

बसल्या जागी त्याला सगळं कळलं. साबण. गुळगुळीत. दरी.

"अरं देवा," तो म्हणाला, "मी माझ्या हातानं मारला त्याला."

कोरडा मुरूम मोरीच्या पलीकडे, अर्ध्या फर्लांगावर. तो घमेलं घेऊन धावला. एक घमेलं आणून ओतलं, त्याने दोन हात जागा झाकली. दुसरं आणलं. तिसरं भरत होता तेव्हा खालून घरघर ऐकू आली. नेहमी संस्थानच्या मोटारीची यायची तसली संथ नव्हे. चढत चढत येणारी, भांडल्यासारखी. घमेलं टाकून तो उलटा पळाला. खोपटात शिरून लाल फडकं ओढलं आणि सडा ओलांडून, वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

मोटार दिसली. मागे धुळीचा लोट. बाबल्याने फडकं दोन्ही हातांनी वर धरलं. भोंगा वाजला, पुन्हा वाजला. बाजूला झाला तर त्याचा जीव वाचणार होता आणि गुप्त्यांचा जाणार होता. तो हलला नाही. चाकं कर्कश्श ओरडली, मोटार आडवी होत आली आणि त्याच्यापासून चार हातांवर थांबली.

धूळ खाली बसली. गुप्ते चष्मा कपाळावर सरकवून उभेच राहिले. चेहरा लालबुंद.

"तू? तूच? अरे, इथपर्यंत माझ्याइतक्या वेगात कुणी आलं नसतं! तुझ्या शब्दावर मी हे टायर घातले आणि तूच आडवा येतोस? काय झालं, दरड कोसळली?"

बाबल्याने मागे हात केला. गुप्ते उतरले, वळणाशी गेले. एक पाय टेकवला आणि तो घसरल्यावर पटकन मागे घेतला. मग कड्याकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं.

"पाऊस तर नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणी केलं हे?"

"मीच. सडा घातला."

"सडा? का?"

"तुमी येनार होता म्हनून."

गुप्त्यांनी खोपटाकडे पाहिलं. झाडलेलं अंगण, दारात भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नसेल.

"अरे, पण शर्यत होती, बाबल्या. मी थांबणार नव्हतो."

"माला ठावं होतं," बाबल्या म्हणाला. "तुमी थांबनार नव्हता, ते माला ठावं होतं."

गुप्त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. त्यांनी तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि जागच्या जागी ठेवला. मग मोटार चालू करून, पायी चालणाऱ्याच्या चालीने, चाक चाक जपत सड्यावरून पलीकडे नेली. पेला हातचा गेलेलाच होता. वळणापलीकडे पोचल्यावर त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. बाबल्याने हात जोडले. मग मोटार आठव्या मैलाकडे दिसेनाशी झाली, आणि संध्याकाळी सगळे पाहुणे दुसऱ्याच वाटेने परत गेले.

पण संध्याकाळ अजून लांब होती. मागून तीन मोटारी यायच्या होत्या. बाबल्याने फावडं घेतलं आणि एवढ्या हौसेने घातलेला सडा एका कडेपासून खरवडायला सुरुवात केली. शेण दरीत लोटलं, वर मुरूम पसरला, धुम्मस मारला. दुसरी मोटार आली तेव्हा वळण ठणठणीत कोरडं होतं. ती भोंगा वाजवत निघून गेली, आणि रस्त्याच्या कडेला फावडं धरून कुणीतरी उभं आहे हे तिच्यात बसलेल्यांच्या ध्यानातही आलं नाही.