गाडीचं ऐकून घेणाऱ्या सिस्टर

“आधी ऐका, मग हात लावा,” असं म्हणून आमच्या सिस्टर डोळे मिटून घ्यायच्या. समोर त्यांची जुनी मोटरसायकल स्टँडवर धडधडत असायची, सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असायचा आणि बाई टाकीवर तळहात ठेवून, मान जराशी तिरकी करून उभ्या. आपण काही बोलायला गेलो की त्यांचा दुसरा हात वर यायचा. थोड्या वेळानं डोळे उघडून निकाल द्यायच्या, “प्लगचं काई न्हाई. कुटून तरी हवा खातीय.”

तपासणीच्या खोलीतही त्यांची हीच तऱ्हा होती. पडद्याआडून त्यांचा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या बायकांपर्यंत यायचा, “गप ऱ्हावा गं जरा. बाळाचं ऐकू द्या.” मग सगळ्या ओळीनं चूप.

जामखेडपासून बरंच आत, बोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी आमचं आरोग्य केंद्र आहे. मी तिथं औषधांच्या खिडकीत बसतो. सिस्टरांची राहायची खोली आणि माझी खोली एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होत्या, त्यामुळे त्यांचा रविवार मला घरात बसूनही कळायचा. सकाळी गोणपाट झटकल्याचा आवाज, मग पान्यांचा खणखणाट, मग किक. कधी एक, कधी बऱ्याच.

गाडी त्यांच्या वडिलांची. वडील नेवाशाकडं गावोगाव फिरून दूध गोळा करायचे. मागं दोन्ही बाजूंना कॅन घासून घासून गाडीचा रंग पार उडालेला होता. पोरीला नोकरी लागली तीही एसटी नीट येत नाही अशा गावात, तेव्हा त्यांनी थोरल्या मुलाला न देता गाडी तिला दिली आणि ती उघडायची कशी, जोडायची कशी हेही शिकवलं. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी आपण रोज बोलतो आणि ज्याला तेवढी एक गोष्ट कधीच विचारत नाही.

त्यांच्या हत्यारांची पिशवी बघण्यासारखी होती. पाने आणि पक्कड तर होतीच, पण दवाखान्यातून बाद झालेला एक लांब चिमटाही होता, खोल पडलेला नट काढायला. तेल सोडायला सिरिंज. पेट्रोलची नळी एकदा फुटली तेव्हा त्यांनी सलाईनची नळी कापून लावली आणि तालुक्याला जाऊन नवी आणेपर्यंत त्यावरच लसीकरण उरकलं. मी हसलो तर म्हणाल्या, “पेशंटला चालतं ते गाडीला चालतं, भाऊ. गाडीला चाललेलं मात्र परत पेशंटकडं न्यायचं न्हाई.”

डॉक्टरसाहेब त्यांना सारखं सांगायचे की आता बटणावर चालू होणारी स्कूटर घ्या, या वयात किक मारता कशाला. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, “तिच्या पोटात काय चाललंय ते मला कसं कळनार, साहेब? सगळं प्लास्टिकनं झाकलेलं.” आणि पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून त्या किक मारायच्या. पारावरची म्हातारी माणसंसुद्धा त्यांना बघून पाय आवरून बसायची.

एका उन्हाळ्यात टेकडीवरच्या वस्तीतून आशाताईंचा फोन आला. उसाच्या तोडीवरून नुकतंच परत आलेलं कुटुंब, सून पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. दुपारीच कळा सुरू झाल्या होत्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन नगरला गेलेली. डॉक्टरसाहेब जिल्ह्याच्या बैठकीला. सिस्टरांनी प्रसूतीची पेटी उचलली आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, “भाऊ, चला. सामान धरायला मानूस लागंल.”

मी पेटी मांडीवर घेऊन मागं बसलो. गावाबाहेर पडेपर्यंत गाडी ठीक होती. चढ लागला आणि ती गुदमरायला लागली. दोनदा झटके दिले आणि बंद.

सिस्टर उतरल्या. एका बाभळीच्या विरळ सावलीत गाडी ओढली. प्लग काढून इंजिनला टेकवला, मला किक मारायला लावली. “ठिनगी हाय.” मग पेट्रोलची नळी उपसून पाहिली. “पेट्रोल येतंय.” एवढं म्हणून त्यांनी कार्बोरेटरकडं पाहिलं आणि तो खोलायला बसल्या. इंजिन तापलेलं, हात लावला की चटका बसत होता. त्या पदरानं धरत होत्या, सोडत होत्या, पुन्हा धरत होत्या. मी फोन लावून पाहिला, रेंज नव्हती.

“सिस्टर, मी चालत पुढं होऊ का?”

“तुमी जाऊन काय करनार?” त्यात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

कार्बोरेटरच्या आत जेट असतो. पितळेचा बारका तुकडा, त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक, इंजिनात पेट्रोल जायला. त्या भोकात कचऱ्याचा कण अडकला होता. सिस्टरांनी जेट ओठात धरून फुंकला. पेट्रोल तोंडात गेलं, थुंकल्या, पुन्हा फुंकला. उजेडाकडं धरून भोकातून आरपार दिसतंय का पाहिलं. मग सगळं परत जोडलं. त्यांचे हात अजिबात घाई करत नव्हते, पण तोंडानं त्या सारखं पुटपुटत होत्या, “आलो बाई. आलो. आलो.”

वस्तीवर पोचलो तेव्हा घर शांत होतं. ती शांतता आमच्या दोघांच्याही लक्षात आली. दारात सासू उभी होती. ती म्हणाली, “झालं मघाशीच. रडलं न्हाई.”

नाळेचे वेढे गळ्याभोवती पडले होते. तरीही सिस्टरांनी हात धुऊन बाळाला घेतलं, तोंडाला तोंड लावून श्वास देत राहिल्या. आशाताईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबल्या. मग त्या पोरीकडं वळल्या. तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तो त्यांनी थांबवला, तिला चहा पाजला, तिचं अंग पुसलं. ती पोरगी सिस्टरांच्या हातांकडं बघत होती. कितीही धुतले तरी नखांत काळं राहिलं होतं.

परत निघालो तेव्हा गाडी एका किकमध्ये चालू झाली. सिस्टर तिच्याकडं बघत तशाच उभ्या राहिल्या. मग बसल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले की वेढे असे होते म्हणता, तर तुम्ही वेळेत पोचूनही बाळ वाचलं असतं असं सांगता येत नाही. सिस्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

त्यानंतर दर रविवारी त्या कार्बोरेटर उघडू लागल्या. गाडी कितीही सुरळीत असो. पेट्रोल टाकीत ओतताना पातळ सुती कापडातून गाळून ओतायच्या. सोमवारी सकाळी वस्त्यांवर निघण्याआधी चढाच्या रस्त्यानं एक फेरी मारून यायच्या. माझ्या बायकोनं एकदा रविवारी त्यांना जेवायला बोलावलं, तर म्हणाल्या, “संध्याकाळी येते, वैनी. सकाळी न्हाई जमायचं.” हाक मारली तर पूर्वीसारख्या हसायच्या, पण गोणपाटावर बसलेल्या असताना त्यांना कुणी हाक मारेनासं झालं.

तीच सून पुढं पुन्हा गरोदर राहिली. या वेळी सिस्टरांनी तिला तोडीवर जाऊ दिलं नाही, सासूशी भांडून माहेरी ठेवलं आणि दिवस भरायच्या आधीच केंद्रात आणून दाखल केलं. मुलगी झाली. पहिलं रडणं माझ्या खिडकीपर्यंत आलं. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आल्या आणि नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं आणि त्यांचा उजवा हात त्या धारेत थरथरत होता. मला वाटलं, आनंदानं.

ती थरथर गेली नाही. आधी पाना निसटायला लागला. मग बारका नट जागेवर बसेना. भिंतीपलीकडून एकच नट फरशीवर पुन्हा पुन्हा पडल्याचा आवाज यायचा. एका लसीकरणाच्या दिवशी त्यांनी बाळाची मांडी धरली, सिरिंज उचलली आणि तशीच खाली ठेवली. दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, डॉक्टरसाहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, “साहेब, माझ्याकडनं आता सुई द्यायला नको. लेकरांना लागंल.” कुणी सांगायच्या आत त्यांनी स्वतःच सांगितलं. नगरला तपासलं तर कंपवात निघाला.

त्यानंतर रविवारचे हात माझे झाले. त्यांनी बोलावलं नव्हतं. मीच एका सकाळी चहाचा कप घेऊन गेलो आणि गोणपाटावर बसलो. त्या पायरीवर बसायच्या, दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतवून मांडीत दाबायच्या आणि सांगत राहायच्या, “त्यो न्हाई, त्याच्या खालचा स्क्रू. दाबू नका, पितळ हाय, आटे जातील. हां. आता फुंका.” माझं चुकलं तर त्या हात पुढं करायच्या, हाताकडं बघायच्या आणि परत मांडीत ठेवायच्या.

असंच एकदा मी जेट उजेडाकडं धरला होता. त्या म्हणाल्या, “त्या आठवड्यात मी उघडला नव्हता.”

कोणता आठवडा, ते मला विचारावं लागलं नाही.

“माझे भाऊ-वैनी आल्ते गावाकडनं. पुरनाचा सैपाक केला. गाडी जरा अडखळत हुती, मला ऐकू आल्तं. म्हनलं, पुढच्या रविवारी बघू.”

मी म्हणालो, “सिस्टर, डॉक्टरसाहेब म्हणाले होते ना, वेळेत पोचूनही—”

“म्हाईत हाय.” त्या सावकाश म्हणाल्या. “बाळाचं म्हनत न्हाई मी. पन ती पोरगी पहिलटकरीन. घाबरलेली. मी तिथं असते तर तिचा हात तरी धरला असता.”

त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, “बसवा आता. वाळला असंल.” मी जेट बसवला. बसवताना पहिल्यांदाच त्यांनी मला कुठलीही सूचना केली नाही.

पुढं चालणंही जड झालं तेव्हा त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. नेवाशाकडच्या घोडेगावजवळच्या एका गावातून त्यांचा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन आला. सामान थोडंच होतं. गाडी मागं उभी करून दोरांनी बांधली. गावातल्या बायका जमल्या होत्या, ओट्या भरत होत्या, रडत होत्या. सिस्टर कुणाच्या डोक्याला, कुणाच्या गालाला हात लावत होत्या. त्यांच्या हातांची थरथर त्या बायकांच्या अंगावर उतरत होती, तरी एकही मागं सरली नाही. पुढच्या सीटवर बसताना त्यांनी भावाला सांगितलं, “खड्ड्यात सावकाश घे रं. ती मागं हाय.”

अधूनमधून फोन व्हायचा. आवाज बारीक होत गेला, मग फोनवर भाऊच बोलायला लागला. गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

भावानं चहा दिला. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. मग तो उठला आणि म्हणाला, “या, गाडी दाखवतो.” गोठ्याच्या शेजारी पत्र्याची एक शेड होती. तिथं गाडी डबल स्टँडवर उभी होती. दोन्ही चाकांचे टायर जमिनीपासून उचललेले, खाली विटा आणि लाकडाचे ठोकळे दिलेले. टाकी रिकामी होती. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा घट्ट बसवला होता.

“दिवाळीनंतर करून घेतलं माझ्याकडनं,” भाऊ म्हणाला. “खाट हितं आनून टाकली हुती. बोलता यीना नीट, पन एकेक सांगत व्हती. पेट्रोल काढ. प्लग काढून आत तेल सोड, गंजायला नको. मी म्हनलं, अक्का, चालवू की आपन, कशाला एवढं? तर म्हनली, आता लई दिस उभी ऱ्हायची हाय ती. तिची सोय करून ठिवू दे.”

तो बाहेर गेला, गोठ्यात म्हैस ओरडत होती म्हणून. मी एकटाच शेडमध्ये उभा होतो. वाकून किक हातानंच हळू दाबली. आत तेल होतं. ती मऊपणे खाली गेली आणि सोडल्यावर तेवढ्याच सावकाश वर आली.