रंगण्णाच्या गाडीचे ब्रेक

पापनाशमहून मंजुळावहिनींचा फोन आला तेव्हा मी तंजावरला रंगण्णाच्या गाडीच्या टायरमधली हवा मोजत होतो. "हे गेले, भावजी," त्या म्हणाल्या. "बसनं नका येऊ. गाडी घेऊन या."

रंगण्णा माझा थोरला चुलतभाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं कोइम्बतूरच्या एका डॉक्टरांकडून दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेतली, तीही अकरा वर्षं वापरलेली. वहिनींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यात सांबाराचा डबा कुठं ठेवायचा?" गाडी इतकी बुटकी की दोघं बसलो तर गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. म्हणून प्रत्येक गतिरोधकाआधी रंगण्णा थांबायचा आणि म्हणायचा, "उतर." मी उतरायचो, गाडी तिरकी होऊन हळूच पलीकडे जायची, मग मी चालत जाऊन पुन्हा बसायचो. तिरुवैयारुच्या वाटेवर एकदा मी त्याला म्हटलं, सायकलवाले पुढं गेले. "जाऊ दे. त्यांना परीक्षेला बसायचं नाही."

परीक्षा म्हणजे परिवहन कार्यालयातली तपासणी; गाडीला पंधरा वर्षं झाली की पहिली, मग दर पाच वर्षांनी. वेगाच्या गाड्या म्हातारपणी दगा देतात असं मी ऐकून होतो. पण पहिल्या तपासणीत एका बल्बाखेरीज काही निघालं नाही, आणि त्याचं कारण साधं होतं. एखादी वस्तू बिघडायची वाट न पाहता रंगण्णा ती बदलायचा... रबरी नळ्या भेगा पडण्याआधी, ब्रेक ऑइल काळं होण्याआधी.

दुसरी तपासणी गेल्या वर्षी झाली. रंगण्णानं सत्तरी ओलांडली होती. दिवे, धूर, टायर सगळं ठीक निघालं, तरी अधिकारी म्हणाला, "ह्या वयाच्या गाड्या भंगारात जातात, सार." उरला होता ब्रेक. आवारात एक पांढरी रेघ होती. अधिकाऱ्यानं हात खाली केला की ब्रेक दाबायचा आणि रेघेआधी थांबायचं. रंगण्णाची गाडी रेघ ओलांडून बरीच पुढं गेली. दुसऱ्यांदाही तेच. "ब्रेक कमजोर," म्हणत अधिकाऱ्यानं पेन काढलं. पॅड त्याच आठवड्यात बदलले होते, मी स्वतः शेजारी उभा होतो, तसं सांगितलं. "नवे असतील. गाडी थांबत नाही, हे मी पाहिलं."

रंगण्णा स्टिअरिंग धरून बसून राहिला. तो गप्प राहिला असता तर दोष गाडीवर गेला असता आणि त्याच्याकडे कुणी पाहिलंही नसतं. गाडी मात्र नापास झाली असती. त्यानं खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं... मग टपाला धरून बाहेर आला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याला चालवू द्या, सार. ब्रेक चांगले आहेत."

मी बसलो. गाडी आता थांबली तर काय सिद्ध होणार हे मला कळत होतं, आणि नाही थांबली तर काय, हेही. अधिकाऱ्याचा हात खाली आला. पट्टा खांद्यात रुतला. उतरून पाहिलं, पुढचं चाक रेघेच्या हातभर अलीकडे होतं. अधिकाऱ्यानं गाडीकडे पाहिलं, रंगण्णाकडे पाहिलं आणि पास लिहिलं.

मी किल्ली पुढं केली, पण तो डावीकडे जाऊन बसला होता. "तूच चालव," म्हणाला. "आता तूच." पहिल्या गतिरोधकापाशी मी सवयीनं थांबलो, तर हा दार उघडून उतरायला लागला.

"तू कशाला उतरतोस? घासलं पोट तर घासू दे."

"अजून पाच वर्षं चालायची आहे ती," तो म्हणाला आणि सीटमागची काठी काढून, ती टेकत पुढं गेला.

दिवस-कार्य उरकल्यावर वहिनींना तंजावरला, लेकीकडे, मी त्याच गाडीतून आणलं. त्यांच्या मांडीवर सांबाराचा डबा होता. गाव सुटताना पहिला गतिरोधक आला. थांबलो, पण त्यांना कसं सांगावं कळेना... त्यांनी डबा सीटवर ठेवला, दार उघडलं.

"बसा वहिनी."

"पोट घासेल," त्या म्हणाल्या आणि पदर सावरत चालू लागल्या.